मामांची विरुद्ध पार्टी

हक्काशिवाय पाण्याचा घोटसुद्धा न घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला. मामा वडनेर भोलजीला राहतात. बाजार समितीतून निवृत्त झाले. कायदा कुठे शिकले म्हणाल तर तालुक्याच्या कोर्टातल्या कडुनिंबाखाली, बाकावर बसून, इतरांच्या वकिलांचं बोलणं ऐकून. त्यामुळे त्यांचा कायदा अर्धा पुस्तकातला आणि अर्धा कडुनिंबाचा. सकाळचा दुसरा चहासुद्धा ते 'द्या' म्हणून मागत नसत. "ज्येष्ठ नागरिक हाये मी, मायी काळजी घेनं बंधनकारक हाये," असं म्हणून रिकामा कप पुढे करत. मामींनी हे बरीच वर्षं ऐकून घेतलं आणि टाळेबंदीत एका रविवारी चुलीपुढून उठून सांगितलं, "आज मायी साप्ताहिक सुट्टी." मामांना राग यायला हवा होता. त्यांचे तर डोळे भरून आले. बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा कायद्याचं काही बोलल्याचा आनंद इतका झाला, की त्यांनी स्वतः खिचडी टाकली, करपवली आणि सगळ्यांना खायला लावली.

मी तेव्हा पुण्याहून पळून मामांकडे येऊन राहिलो होतो. नोकरी सुटली नव्हती, लॅपटॉपवर बसून चालू होती. साहेबांच्या मीटिंगा जेवणाच्या वेळेला सुरू होत आणि भूक मेली की संपत. एके दिवशी साहेब कामाची टक्केवारी समजावून सांगत असताना माझ्या खांद्यावरून, बनियनमधले मामा पडद्यात शिरले. "साहेब, नमस्कार. पोराले जेवाची सुट्टी देनं तुमच्यावर बंधनकारक हाये. वांग्याची भाजी थंडी होऊन राह्यली." साहेबांनी चक्क सुट्टी दिली. माझी नोकरी त्या दिवशी कशी वाचली ते मला अजून कळलेलं नाही. मामांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. "हक्क मांगला का भेटते बे, तू काऊन घाबरतं?" असं म्हणून ते वामकुक्षीला निघून गेले.

पण मामांच्या जिवाचा खरा विसावा म्हणजे त्यांची केस. माडीवरच्या खोलीत सिस्टरबाई भाड्यानं राहायच्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स, एकट्या, तोंडाला फटकळ. गच्चीवर कुरड्या वाळत घालायच्या जागेवरून दोघांचं एकदा वाजलं आणि बाई म्हणाल्या, "मंग केस टाका ना, भाऊ!" असं आमंत्रण मामांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. स्वतःच्या वापरासाठी खोली हवी, असं सांगून त्यांनी बाईंना घराबाहेर काढायचा दावा लावला. तो वर्षानुवर्षं चालला. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच काळीपिवळी जीपमध्ये शेजारी बसून तालुक्याला जात. मामा भाकरी आणत, बाई ठेचा आणत. कोर्टात एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. पुढची तारीख पडली की कडुनिंबाखाली डबा सोडत आणि संध्याकाळी पुन्हा एकाच गाडीनं भांडत परत येत.

टाळेबंदीत तारखा थांबल्या आणि मामांचं अन्नावरचं मन उडालं. शेवटी त्यांनी कोर्ट ओट्यावर आणलं. न्यायाधीश मी. आमच्या वऱ्हाडात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, त्यामुळे गावात ज्याच्यापुढे त्यांना वाकता येईल असा मनुष्य मीच होतो. बाईंच्या सुट्टीच्या दिवशी मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो, बाई मास्क लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर, मामा अंगणात कोट घालून. मामी स्वयंपाकघरातून पुकारा करायच्या आणि त्याच दमात चहात साखर किती ते विचारायच्या. मामा माझ्या पाया पडून "साहेब, हे बाई मायी खोली सोडून नाई राह्यली" असं सुरू करत. बाई वरून ओरडत, "साहेब, सोडतच नाई!" मी गंभीर चेहऱ्यानं पुढची तारीख द्यायचो. दोन्ही पक्ष समाधानानं चहा प्यायचे. मी आयुष्यात इतका लोकप्रिय न्याय पुन्हा कधी केला नाही.

मग गावात पहिला रुग्ण सापडला आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या माडीकडे वळल्या. बाई रोज स्कूटीवरून दवाखान्यात जात आणि कोरोनाच्या वॉर्डातून परत येत. एका सकाळी गल्लीतली सात-आठ माणसं तोंडाला दुपट्टे बांधून फाटकाशी जमली. पुढे माजी सरपंच होते. "भाऊ, आजच्या आज सिस्टरले काहाडा. दवाखान्यातून रोग आनून राह्यली ते. अन तुम्हाले तं तशीही काहाडाचीच हाये."

मी खिडकीत उभा होतो. सरपंचांचं म्हणणं खरंच होतं. इतक्या वर्षांत कोर्टाला जमलं नाही ते आता मामांच्या नुसत्या मानेच्या हलण्यावर होणार होतं. माडीवर बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. टाळेबंदीत, सगळ्या गावांच्या वेशी बंद असताना, त्या जाणार कुठे होत्या?

मामा आत गेले. कोट घालून बाहेर आले.

"काहाडाचीच हाये," ते म्हणाले. "पन ते मी काहाडीन. तुम्ही कोन? तिले काहाडाचा हक्क या गावात फक्त माया हाये. अन मॅटर कोर्टात हाये. निकाल लागेपरेंत तिच्या उंबऱ्याले कोनी हात लावला, तं एकेकाले केसमंधी पार्टी करीन."

दुपट्ट्यांमध्ये चुळबुळ झाली. मागून एकानं विचारलं, "पार्टी केलं तं तारखेले याव लागन का?"

"मरेपरेंत," मामा म्हणाले.

रोगाला भ्यायलेली ती माणसं तारखेला त्याहून जास्त भ्यायली. बघता बघता फाटक मोकळं झालं. मामांनी माडीकडे मान वर करून ठणकावलं, "हे तुमच्यासाठी नाई केलं, बाई! माया केससाठी केलं!" बाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मला मामांचा इतका अभिमान पुढे-मागे कधी वाटला नाही. त्या दिवसापासून बाई ड्यूटीवरून यायच्या वेळेला अंगणात आंघोळीच्या गरम पाण्याची बादली तयार असायची. "भाडेकरूले पान्याचा हक्क अस्ते," एवढंच मामा म्हणायचे.

कोर्ट पुन्हा सुरू झालं तोवर बाईंची निवृत्ती आली. पहिल्याच तारखेला त्यांनी उभं राहून सांगितलं, की मी खोली सोडते, मला बहिणीजवळ सुलतानपूरला जायचंय. दावा मामांच्या बाजूनं निकाली निघाला. सामान टेम्पोत चढत असताना मामा बाईंच्या मागे मागे फिरत होते. "अपील करा ना, बाई. मुदत हाये. मी वकील पाहून देतो." बाई हसल्या, "भाऊ, आता पाय दुखते हो," म्हणाल्या, मामींच्या गळ्यात पडल्या आणि गेल्या.

यंदा मी वडनेरला गेलो तेव्हा माडी तशीच बंद होती. विचारायला लोक येतात, पण मामा सगळ्यांना परत पाठवतात. माझ्यासमोर एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, आमची कधी तक्रार येनार नाई." मामांनी खिन्नपणे मान हलवली. "मंग नाई जमत बाप्पा."

जोडपं गेल्यावर त्यांनी माडीची किल्ली परत खुंटीला लावली. मग मामींना उद्देशून, पण भिंतीकडे बघत म्हणाले, "तिचा काई फोन?"

"तुम्हीच करा ना," मामी म्हणाल्या.

"मी कसा करू? मी विरुद्ध पार्टी."

मला राहवेना. मीच नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मामांनी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही, एकदम विचारलं, "बाई, तिथला घरमालक कसा हाये? काहाडून तं नाई राह्यला?"

"नाई हो भाऊ," पलीकडून ऐकू आलं. "लय चांगला मानूस हाये. काईच बोलत नाई."

मामांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"अरेरे," ते म्हणाले. "मंग तं तुम्हाले करमत नसन."