कापलेल्या दृश्याएवढा अंधार

मंडळी, आज सकाळी फिल्म क्लबात एक माहितीपट पाहिला, हुकूमशाहीत चाकोरीबाहेरचे सिनेमे काढणाऱ्यांवरचा. त्यातली एक दिग्दर्शिका भारी होती. सेन्सॉरने दृश्य कापलं की ती तेवढा वेळ पडदा काळा ठेवायची. प्रेक्षक अंधारात बसून राहायचे. कुणी उठायचं नाही.

वाडी भागातल्या आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, घरी येऊन लगेच ही पोस्ट लिहिली. बाबांनी मागे उभं राहून वाचली.

"शेवटचं वाक्य काढ ने. आपल्या पोळातले सगळे वाचतात."

मी चिडले, वाद घातला. मग त्यांचा चेहरा बघितला आणि वाक्य काढलं. जागा मात्र तेवढीच ठेवली आहे:

. . . . . . . . . . . . . . . .

खरं सांगा, वाचताना इथे तुमच्या मनात कुठलं वाक्य आलं? आणि ते खाली कमेंटमध्ये लिहाल?