हाव म्हणू का, साहेब?

रफिकभाई गेले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरचा माउस माझ्या हातात होता.

मी अकोल्यात, जठारपेठेतल्या ऑफिसात. ते चांदूर बाजारला, कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर.

आज सात वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी तेव्हा रिमोट सपोर्टला होतो. जिनिंगवाल्यांचे, दालमिलवाल्यांचे कॉम्प्युटर अकोल्यात बसून दुरुस्त करायचे, हे माझं काम. रफिकभाई काट्यावरचे ऑपरेटर. कापसाची गाडी आली की वजन घ्यायचं, पावती काढायची. तीन वर्षं जवळपास रोज बोललो आम्ही. तोंड एकदाही पाहिलं नाही.

त्यांची स्क्रीन मात्र मला पाठ होती. सगळे आयकॉन उजव्या बाजूला.

"मी पहिले उर्दू शिकलो ना साहेब. माही नजर तिकडूनच सुरू होते."

पहिल्यांदा मी इकडून त्यांचा माउस हलवला, तर फोनवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मले वाटलं, जिन आला काट्यावर."

मी सत्तावीसचा, ते पन्नाशीचे. तरी मला साहेब म्हणायचे. मुद्दाम, चिडवायला.

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. काही इन्स्टॉल करायचं असलं की विंडोज एक चौकोन दाखवतं. येस की नो. आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये तो चौकोन आला की माझी स्क्रीन काळी व्हायची. मला काहीच करता यायचं नाही. तिथे बसलेल्या माणसानेच येस दाबायचं.

रफिकभाई कधी सरळ दाबत नसत. आधी विचारायचे,

"हाव म्हणू का, साहेब?"

"म्हणा."

"पाहा बरं. मंग मले बोलू नोका."

ती वर्षं वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. रफिकभाई काट्यावर आलेला पेपर उघडायचेच नाहीत. "पावतीवरचं नाव निघते त्याच्यात कधी कधी," एवढंच म्हणाले होते एकदा. कापूस निम्म्यावर आला होता. जिनिंगच्या मालकांनी ठरवलं, आपल्या तीन जिनिंगचे जुने सर्व्हर बंद करायचे आणि तिन्ही अकोल्यातल्या एकाच मोठ्या मशीनवर व्हर्च्युअल करून, म्हणजे नुसती कॉपी उतरवून चालवायचे. रफिकभाईंच्या टेबलावर नुसती स्क्रीन राहणार. बाकी सगळं आमच्याकडे.

"मंग हा डब्बा मेला म्हणायचा का?"

"नाही हो. इकडे येऊन चालेल."

"अन् मी?"

"तुम्ही तिथेच. काम तेच."

"लय झालं," म्हणाले.

त्या दिवशी हेच काम होतं. सकाळी अकराला बसलो. गाड्या दुपारी येणार होत्या, त्याआधी मला सर्व्हरची कॉपी सुरू करायची होती. रफिकभाईंचा आवाज दमलेला होता. दोन शब्द बोलून फोन ठेवला.

मी कॉपीचं सॉफ्टवेअर चालवलं. चौकोन आला. स्क्रीन काळी.

दोन मिनिटं कोणी काही दाबलं नाही तर विंडोज आपणच नो धरून चालतं. डेस्कटॉप परत दिसला. उजवीकडचे आयकॉन जागच्या जागी.

पुन्हा चालवलं. पुन्हा काळी. पुन्हा नो.

फोन लावला. नुसती रिंग.

चॅटमध्ये लिहिलं, "येस दाबा."

मग, "रफिकभाई, आहात ना?"

मग चिडून, "झोपले का?"

शेजारच्या टेबलावरून कोणी तरी विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, लाइट गेली असेल तिकडे. तेव्हा काहीही अडलं की आपण हेच म्हणायचो.

पण लाइट गेली असती तर कनेक्शन तुटलं असतं. माझ्यासमोर हिरवा ठिपका होता. तो मी पाहिला होता. त्याचा अर्थ मला चांगला कळत होता. मालकांना एक फोन करता आला असता.

मी चहाला गेलो.

एक वाजता त्यांच्या नंबरवरून फोन. उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "कुठे होते हो?"

मुलीचा आवाज. "भाऊ, मी सायमा. अब्बाचा डबा घेऊन आली. ते उठून नाई राहिले."

सायमा त्यांची धाकटी. बारावीला होती. फोनमध्ये शेवटचा नंबर माझा होता म्हणून मला लावला.

बाइक काढली आणि निघालो. रफिकभाईंचं तोंड मी त्या संध्याकाळी दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलं.

भाभींनी विचारलं, "तुमच्याशी काही बोलले का?"

"नाही भाभी. लाइट गेली, लाइन कट झाली."

आणि खूप रडलो.

डॉक्टरांना मी बाहेर गाठून विचारलं, लवकर आणलं असतं तर? म्हणाले, सांगता येत नाही. सात वर्षं तेवढंच घेऊन बसलोय.

कॉपीचं काम पुढच्या आठवड्यात मीच पूर्ण केलं. येस दुसऱ्याच कोणी दाबलं. पुढे जिनिंगही बंद पडली. रफिकभाईंचा सर्व्हर मात्र आमच्या मशीनवर अजून चालू आहे. बंद करा असं कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काल चांदूर बाजारला गेलो होतो. सायमा आता शाळेत शिकवते. तिला म्हटलं, त्या दिवशी लाइट गेली नव्हती.

"मले माहीत हाये," म्हणाली. "स्क्रीन मीच पाह्यली ना. 'झोपले का' लिहून होतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"तुमी रडून राहिले होते, भाऊ."

तिने चहा केला. पुढचं बोलायला गेलो होतो, ते तोंडातून निघालंच नाही. चहा पिऊन परत आलो.

सायमा, तू हे वाचशील. पुढचं हे आहे.

त्या सकाळी फोन ठेवायच्या आधी तुझे अब्बा मला म्हणाले होते, "साहेब, छातीत जळजळून राह्यलं. घामही सुटला. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

मी म्हणालो, "आधी हे एवढं आटपून घेऊ."

ते म्हणाले, "हाव."

रफिकभाई, श्रद्धांजली लिहायला हात उठत नाही. सलाम.