आठ काळ्या विटा

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. ही फजिती ऐकताना आजवर दोघांना ठसका लागलाय.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी परळला राहायचो. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी लालबागच्या सभांत शाहिरांच्या मागे पेटी. शाहीर दम घ्यायला थांबले की ती जागा पेटीवाल्यानं भरायची, ही आमची रीत. तेव्हा गप्प बसलात तर लोक म्हणणार, याला वाजवता येत नाही. मी तर जागा अशी भरायचो की शाहिरांना परत आत शिरायला धक्काबुक्की करावी लागे!

शेजारच्या चाळीत फर्नांडिस मास्तर राहायचे. व्हायोलिन वाजवायचे. बायको गेलेली, दोन मुली, आणि बोलणं दिवसाला चार वाक्यं. थोरल्या एलिझाचं लग्न ठरलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याबरोबर बोटीनं आफ्रिकेला जाणार होती. मास्तरांनी तिच्यासाठी स्वतः एक धून लिहिली. पण चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या बाई आयत्या वेळी आजारी पडल्या आणि मास्तर माझ्या दारात उभे राहिले.

मला विलायती नोटेशन कुठलं येणार? मास्तरांनी आठवडाभरात शिकवलं. पाच रेघा, उभ्या दांड्यांनी पाडलेली घरं, एका घरात चार मात्रा. पोकळ गोळा म्हणजे चार मात्रा, त्याला काठी लावली की दोन, आत शाई भरली की एक, शेपूट फुटलं की अर्धी. शार्प म्हणजे सूर चढवायचा, फ्लॅट म्हणजे उतरवायचा. यात अवघड काय आहे, सांगा?

फक्त मधली आठ घरं रिकामी होती. गोळा नाही, शेपूट नाही, प्रत्येक घरात रेघेला लोंबकळणारी एक काळी वीट. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "तिथं तुला काय नाय. पुढे चल." सरावात आम्ही ती घरं गाळूनच पुढे जायचो.

काय नाय म्हणजे काय? म्हणजे मोकळी जागा दिली! सलग आठ घरं! एवढा मान मला शाहिरांनीही कधी दिला नव्हता. मी घरी दार लावून तयारी केली.

लग्नाच्या दिवशी मामाचा हात धरून एलिझा आत आली. मास्तरांचं व्हायोलिन सुरू झालं, मागे मी. पायपेटी भिंतीकडे तोंड करून होती, त्यामुळे मला मागचं काही दिसत नव्हतं. आठ घरं आली, व्हायोलिन थांबलं, आणि मी सुटलो. बोटांना सवय कसली? पोवाड्याची! आठ घरं संपली तरी मास्तर सुरू होईनात. अडकले बिचारे, त्यांना सांभाळून घेऊ, असं म्हणून मी आणखी आठ घरं वाजवली. मग आणखी आठ. शेवटी मागच्या बाकावरचा कोणीतरी गिरणीकामगार ओरडला, "झालाच पाहिजे!"

मी वळून पाहिलं. मास्तर व्हायोलिन खाली ठेवून लेकीसमोर उभे होते. तिच्या डोक्यावर हात होता. ओठ हलून थांबले होते.

त्या विटेला रेस्ट म्हणतात, हे मला नंतर एलिझानं सांगितलं. तिथं सगळ्यांनी गप्प राहायचं असतं. त्या आठ घरांत मास्तर तिला एक वाक्य सांगणार होते. "काय सांगितलं गं?" मी विचारलं.

"ऐकूच नाय आलं, काका."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तरांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी नुसता माझा खांदा थोपटला.

पुढे धाकट्या रोझीच्या लग्नात त्यांनी मलाच बोलावलं, काय माणूस बघा! हातात कागद ठेवला. पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत नुसत्या काळ्या विटा. एकही सूर नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून, या वेळी मागे वळून बसलो. मास्तर लेकीसमोर गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळं चर्च कान देऊन बसलं.

आणि मी हुंदका दिला. असा मोठा, की या खेपेलाही मास्तर काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही.