डाव्या पायाचं माप

सुमतीचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "वहिनी, हे गेले," एवढंच ती म्हणाली... आणि मी सवयीनं पेन्सिल शोधली. डॉक्टरांचा दाखला, बन्नूरच्या आत्यांना निरोप, खुर्च्या, बर्फ. एकेका कामापुढे खूण होत गेली. संध्याकाळी जयलक्ष्मीपुरमच्या त्यांच्या घरातून निघताना व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली सायकल दिसली, तेव्हा लक्षात आलं की दिवसभरात मी रडलेच नव्हते. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुमतीचे 'हे' म्हणजे रघुनाथ भावोजी, माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. घरात मराठीच, पण दर दोन वाक्यांनी कन्नड. मी लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा त्यांचं बोलणं समजायलाच मला वर्ष लागलं होतं. एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचे. चाळिशी उलटल्यावर मला सायकलवर त्यांनीच बसवलं. आधी येलवालपर्यंत, मग दर रविवारी बन्नूर. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता सपाट, आणि पुढे त्यांची पाठ.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनानं घेतलं, की पॉवर मीटर हवा. पाय पेडलवर किती जोर लावतात ते वॅटमध्ये सांगणारं हे यंत्र. "वेग खोटं बोलतो वहिनी," ते म्हणाले. "वारा पाठीमागून असला की मी वाघ, समोरून आला की मांजर. खरं काय ते पायालाच विचारायचं, अल्वा, हो की नाही?" मुलीच्या शिक्षणाचं वर्ष होतं, त्यामुळे हात आखडता. निवड माझ्यावर सोपवली. "तुम्ही यादी करा. दुकानदार माझ्याकडे बघून सुम्ने, उगीच हसला तरी मी खिसा मोकळा करतो."

मी रकाने आखले. पेडलमध्ये बसणारा मीटर: सोयीचा, पण महाग. मागच्या चाकात बसणारा: चाकच नवं घ्यावं लागणार. वापरलेला: हमी नाही. दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा मोजणारा: उत्तम, पण आवाक्याबाहेर. आणि शेवटचा, नुसत्या डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांड्यावर बसणारा. तो डाव्याच पायाचा जोर मोजतो, दुप्पट करतो आणि आकडा दाखवतो. लांबी जुळते का, फ्रेमला घासतो का, माझ्याही सायकलला बसेल का, सगळं तपासलं. मग 'दोन्ही पाय' या ओळीवर मी काट मारली. शेजारी लिहिलं: गरज नाही. सारखेच असतात.

मीटर आल्यावर त्यांना नवीन उपकरण मिळाल्याचा आनंद झाला. फाटकापाशी सायकल सरळ उभी धरायची, पेडलवरचा पाय काढायचा, क्रँक खाली लोंबू द्यायचा आणि काही सेकंद मुळीच हलायचं नाही. मग मीटर स्वतःचं शून्य ठरवतो. रोज निघण्यापूर्वी एकदा. मी घड्याळ बघत चुळबुळ करायचे. ते हात वर करायचे. "हलू नका वहिनी. शून्य होतंय." अहो, मीटर तुमच्या सायकलला आहे, मी का थांबू? "प्रयोगशाळेत कुणीच हलत नाही," ते म्हणायचे.

वर्षभरानं बन्नूरला पोचायला उशीर व्हायला लागला. आकडा मात्र पूर्वीइतकाच, एखाद्या रविवारी वरचढच. जोर तेवढाच आणि वेग कमी, म्हणजे दोष सायकलीत, असा आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला. मी नवी यादी केली. चेन बदलली, टायर बदलले, चाकांचे बेअरिंग बदलले, ब्रेक घासतोय का तेही पाहिलं. त्याच दिवसांत सुमती एकदा सहज म्हणाली, "ह्यांची उजवी चप्पल पायात राहतच नाही हो." मी म्हटलं, मागे पट्टा असलेली घे. आणि तेही यादीत लिहिलं.

त्या यादीत सायकलचा प्रत्येक भाग होता. वर बसलेला माणूस नव्हता.

उजवा पाय हळूहळू मरत होता. डावा त्याचंही काम करत होता, आणि आमचा मीटर डाव्याच्या मेहनतीची दुप्पट करून सगळं ठीक असल्याचं सांगत होता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच निकामी करणारा तो आजार. निदान झालं तेव्हा मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, वर्षभर आधी कळलं असतं तर? फारसा फरक पडला नसता, असं ते म्हणाले. ते 'फारसा' मी घरी घेऊन आले.

काही महिने हा विषय मी काढला नाही. भावोजी खुर्चीला खिळल्यावर एका दुपारी मी मीटरच्या यादीचा तो कागदच घेऊन गेले आणि काट मारलेली ओळ त्यांना दाखवली. त्यांची जीभ तेव्हा जड झाली होती, वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा.

"दोन्ही पायांचा घेतला असता..." ते थांबले. "तर एक वर्ष आधी या खुर्चीत येऊन बसलो असतो. मनानं. त्या वर्षी किती वेळा बन्नूर केलं? तुमच्याकडे लिहिलेलं असेल."

"एकेचाळीस वेळा."

"नोडी!" बघा, असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जुना मिश्कीलपणा आला. "एकेचाळीस रविवार. साकु, वहिनी, पुरे. कागद ठेवा आता." थोड्या वेळानं म्हणाले, "क्रँक तुम्ही घ्या. तुमच्या सायकलला बसतो. तुम्हीच तपासलंत."

त्यांनी मला क्षमा केली की माझी समजूत काढली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींसाठी रकाने आखून पाहिले. रिकामेच राहिले.

बाराव्यानंतर सुमतीनं तो क्रँक जुन्या टॉवेलात गुंडाळून आणून दिला. तीन आठवडे तो कपाटात होता. गेल्या शनिवारी बसवून घेतला. दोन्ही पाय मोजणारा आता घेता येईल, पण घेणार नाही. रविवारी सकाळी फाटकापाशी सायकल सरळ धरली, पाय काढला, क्रँक खाली लोंबू दिला. मला घाई होती. परत येऊन करायच्या कामांची यादी खिशात होती.

मी हलले नाही. शून्य झालं, तरी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.