युनूसच्या हातचे नट

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातली. एम.टी. प्लाटून, म्हणजे गाड्या सांभाळणारी तुकडी. मी हवालदार. हाताखाली लान्स नाईक युनूस, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा. मी बारामतीजवळच्या पिंपळीचा, म्हणजे तितक्या उंचीवर सख्खे शेजारीच. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळीबार चालतो. आम्ही रोज टायर बघायचो.

टायरची अदलाबदल हा युनूसचा लाडका विषय. पुढची चाकं वळतात, ब्रेकचा भार घेतात, म्हणून आधी झिजतात. मागची निवांत असतात. वेळेवर जागा बदलली की चारही सारखी झिजतात. आमची एक रीत होती. एकाने नट आवळायचे, दुसऱ्याने गाडीमागे उभं राहून नजर ठेवायची. आवळणारा शेवटी विचारायचा, "काय राहिलं?" मागचा म्हणायचा, "काय न्हाय." ते ऐकल्याशिवाय गाडी हलायची नाही.

एका सकाळी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमध्ये युनूसची गाडी सर्वांत पुढे होती. बर्फ पडत होतं. रेडिओवर तो बोलला, "रस्ता दिसतोय. गाडी ठीक. ओव्हर." मी "रॉजर" म्हणालो. मग वरून बर्फाचा कडा सुटला. संध्याकाळपर्यंत आम्ही त्याला बाहेर काढलं. निरवांगीला त्याचं पार्थिव मीच घेऊन आलो. ते काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

पुढे मी पेन्शनवर घरी आलो. यंदा ऊसतोड सुरू झाल्यावर त्याच्या बहिणीचा, शबानाचा फोन आला. ती रोज घरची कार घेऊन बारामतीला नोकरीला जाते. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलात, वळणावर तिची गाडी घसरली होती. थोडक्यात वाचली.

"दादा, पुढचं टायर लई झिजल्यात. मागचं नव्यासारखं हाईत. पर अब्बा कुणाला हात लावू देत न्हाईत."

दुपारी गेलो. कार उसाच्या कडेला शेडमध्ये होती. तिच्यापुढे बाज टाकून युनूसचे वडील, दस्तगीरचाचा बसले होते, पहाऱ्यावर असल्यासारखे.

"शेवटच्या सुट्टीत त्यानंच आवळल्यात," ते म्हणाले. "त्याच्या हातचं नट हाईत. न्हाय खोलायचं."

मला राग आला. "चाचा, उद्या पोरीला काही झालं तर हे नट उराशी धरून बसणार का?"

चाचा शबानाकडे बघत राहिले. मग उठून स्वतःच बाज बाजूला ओढली. बोललो ते खरं होतं, तरी मला वाईट वाटलं.

हँडब्रेक लावला, चाकांना दगड लावले. नट आधी गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅक, खाली लाकडी ओंडके. अशा गाडीला इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते, म्हणून पुढची दोन्ही सरळ मागे नेली, त्याच बाजूला. मागची पुढे आणली, पण तिरकी, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. नट समोरासमोरचे आवळत गेलो, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. गाडी खाली घेतली आणि शेवटचा हात फिरवला.

शबाना घरात चहा टाकायला गेली होती. वारा पूर्ण थांबला होता, उसाचं एक पान हलत नव्हतं. मी सवयीने विचारलं, "काय राहिलं?"

"येक ऱ्हायलाय."

आवाज गाडीच्या मागून आला. मी वळलो. तिथे कुणी नव्हतं. चाचा माझ्यासमोर होते, त्यांचं तोंड मिटलेलं होतं. पण त्यांनीही ऐकलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पाना घेऊन प्रत्येक नट पुन्हा पाहिला. मागच्या डाव्या चाकाचा एक नट सहज फिरला. तो मी घट्ट आवळला. गोळीबारातही मी इतका घाबरलो नव्हतो.

चाचा जवळ आले. "परत इचारा, हवालदार."

"काय राहिलं?"

काहीच आलं नाही. सगळे नट घट्ट होते, त्यामुळे "काय न्हाय" तरी यायला हवं होतं. आम्ही दोघं उसाकडे बघत उभे राहिलो. आतून शबानाने चहाला हाक मारली, तरी कुणी हललं नाही.

मग चाचांनी माझ्या हातातून पाना घेतला. चाकापाशी उकिडवे बसले आणि सगळं बळ लावून एक नट सैल केला.

"आता इचारा," ते म्हणाले.