सरळ केलेला सूर

“हे माझे बाबा नाहीत,” वैशालीमॅडम म्हणाल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

त्या कामापायी मी दोन दिवस जेवलो नव्हतो. म्हणजे जेवलो होतो, पण चव लागली नव्हती.

नगरमध्ये जुन्या टेपा साफ करून कंप्युटरवर उतरवणारा मी एकटाच. माझा कान असा, की श्रीगोंद्यात कुणाच्या हातून टाचणी पडली तर मी इथं बसून तिचा सूर सांगतो. मॅडम कोपरगावच्या. त्यांचे वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते. तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले, तेव्हा तिथल्या कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिओनेट वाजवायचे. आता ते नाहीत. त्यांच्या वाजवण्याची ही एकच स्पूल टेप. आणि मॅडमच्या आईला महिन्यागणिक कमी ऐकू येत चाललेलं.

टेप चिकट झाली होती. जुन्या टेपेचा गोंद ओल धरतो, मग मशीनवर लावली की ती किंचाळते आणि ज्या तपकिरी थरात आवाज असतो तोच पूड होऊन गळतो. उपाय एकच, मंद आचेवर शेकायची. कारखान्याच्या लॅबमध्ये साखरेतली ओल मोजायचा ओव्हन असतो, त्यात आम्ही ती आठ तास शेकली. तरी एवढी पूड पडली, की एखाद्या टपरीला महिनाभर चहाला पुरली असती.

संगीत अमेरिकन. व्हायोलिनच्या रांगा, सगळं कवायतीसारखं, आणि त्याला जॅझची फोडणी. सुरुवातीलाच एकटी क्लॅरिओनेट खालून घसरत वर चढते. मला वाटलं, टेप सरकली. पुढं ट्रंपेटही मध्येच ढिले. सॉफ्टवेअरनं एकेक सूर पट्टीनं रेघ मारावी तसा सरळ केला आणि खुशीत त्याच फाइलवर सेव्ह केलं. कंप्युटरवर उतरवलेला मूळ आवाज गेला.

“नेमकं काय चुकलंय?” मी विचारलं.

“मला संगीतातलं कळत नाही हो. पण लहानपणी ही टेप घरी लागायची. बाबा असे वाजवायचे नाहीत.”

कोपऱ्यात रशीदचाचा चहा पीत होते. शेजारच्या ब्रास बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं क्लॅरिओनेट वाजवलेली. त्यांनी हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं.

“बापू, ह्यो माणूस वाजवतोय का कवायत करतोय?”

“चाचा, टेप घसरत हुती. मी नीट केली.”

“घसरत न्हाई रे येड्या! मींड आसंल ती. सुरावरून सुरावर सरकत जायचं. ते शिकायला आमची निम्मी हयात गेली, आन् तू पुसून टाकली व्हय?”

त्यांनी पेटीतून क्लॅरिओनेट काढली, गाल फुगवले आणि खालून वरपर्यंत एक सूर असा ओढला, की समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक स्कूटर टाकून दारात आला.

“हेच!” मॅडम उभ्या राहिल्या. “हेच बाबांचं!”

टेप आणखी एकदाच चालेल, तीही देवाच्या कृपेनं. मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी टेपेचा डबा माझ्यापुढं सरकवला.

“लावा,” म्हणाल्या.

मशीन सुरू केलं. मध्येच थांबवलं तर टेप जागेवर चिकटणार, म्हणून हात मांडीखाली दाबून बसलो. क्लॅरिओनेट घसरत निघाली. चाचांनी डोळे मिटले, मॅडमनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. पूड गळत होती, टेपेवरचा आवाज वाचणारं मशीनचं हेड बुजत होतं. शेवटच्या मिनिटाला सगळा ऑर्केस्ट्रा घोंगडीखाली शिरला. फटकन टेप तुटली.

“शेवट गेला,” मी म्हणालो.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. “शेवट कसा आहे ते आईनं ऐकलंच नाही अजून. रोज सुरुवातच लावायला सांगते. म्हणते, आवाज वाढव.”

तेव्हापासून मूळ फाइलला मी बोट लावत नाही. आणि सरळ करायला घेण्याआधी, वाकडं मुद्दाम कुणी केलंय का, ते चाचांना विचारतो.