वरून माणूस दिसतो का?

विमानांचं वेड मला कुठून लागलं ते घरात कुणालाच कळलं नाही. आमचं घर चिंचणीच्या किनाऱ्यावर, बाबांची बोट, आईची मासळीची पाटी, आणि पोरगी मान वर करून आभाळात बघत उभी. उधव्याच्या शाळेत शिक्षिका झाले तरी खोड गेली नाही. नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचं आणि कुणी विचारलं नसताना सांगायचं. गावात मला विमानवाली म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

२०१७ साली, मासेमारी बंदीच्या दिवसांत, मी बाबांना घेऊन गोव्यातलं नौदलाच्या विमानांचं संग्रहालय बघायला निघाले. तसंही बाबा घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. निघताना शेजारची काकी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, ओटीपाशी आली.

"बाय, तिथे ते हेलिकॉप्टर असेल ना, तर कोणाला तरी एवढं विचार. वरून पाण्यातला माणूस दिसतो का?"

तीन वर्षांपूर्वी काका बोटीवरून पडला होता. संध्याकाळी दोर ओढताना तोल गेला, तो सापडलाच नाही. आमच्याकडे समुद्रात माणूस हरवला की गावातली एकही बोट धंद्याला जात नाही, सगळ्या शोधायला निघतात. कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दमणच्या बाजूने तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला असं काही विचारतील याची मी जणू जन्मभर वाट बघत होते. रेंज होती तिथवरच्या बोटींना मी फोन केले, त्यांनी पुढच्यांना वायरलेसवर कळवलं. साडी, चादर, रंगीत मिळेल ते घ्या आणि हेलिकॉप्टर आलं की जोरात हलवा, म्हणजे ते खाली येऊन नीट शोधेल. आणि खरंच ते खाली आलं. दूरवर ठिपक्यासारखं दिसत होतं, इथे उतरतंय, तिथे उतरतंय. किनाऱ्यावर बायका रडत होत्या आणि मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटत होता.

संग्रहालयात पहिला तासभर मी भानावर नव्हते. उघड्या आवारात विमानं उभी होती, काहींचे पंख दुमडलेले, जहाजावर कमी जागेत मावावीत म्हणून. जहाजावर उतरताना विमान दोरात कसं अडकवतात ते मी बाबांना हातवारे करून समजावलं. बाबांनी एका विमानाच्या पोटावर हात फिरवला. "काम चांगलं हाय. सांधा हाताला लागत नाय." नवी बोट ते अशीच तपासतात. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे चार फोटो काढले.

मग चेतक हेलिकॉप्टर दिसलं. त्या सकाळी आलेलं याच जातीचं होतं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ नातेवाइकांना काहीबाही दाखवत होते, बोलण्यावरून कळलं की त्यांनी अशीच हेलिकॉप्टरं चालवली होती. बाबा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहब, पानी में आदमी गिरा तो ऊपर से दिखता है क्या?"

"दिख सकता है," ते म्हणाले. "सिर्फ सिर बाहर होता है, इसलिए समंदर की एक-एक पट्टी धीरे-धीरे देखनी पड़ती है."

तिथे गप्प बसायचं होतं. पण मला शाबासकी हवी होती. "आणि बोटवाल्यांनी कपडा हलवला तर मदत होते ना?" असं मी हिंदीत विचारलं.

ते हसले. "वही तो मुश्किल है. जो भी हिलाए, उसके पास नीचे जाना पड़ता है, क्या पता वही मुसीबत में हो. सारा तेल उसी में जाता है."

बाबांनी विचारलं, "और तीस-चालीस नाव हो तो?"

"फिर उस आदमी को कौन ढूँढेगा?"

त्या बिचाऱ्यांना काय माहीत. ते पुढच्या विमानाकडे गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीची गाडी वसईला पोहोचली. तेव्हा बाबा म्हणाले, "काकीला काय सांगशील?"

"खरं तेच."

"खरं सांगून तुला हलकं वाटेल. तिला काय भेटणार?"

डहाणूपर्यंत मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

काकी आमच्या ओटीवरच बसली होती. मी चपला काढायच्या आधीच तिने विचारलं, आणि मी म्हणाले, "नाही दिसत, काकी. नुसतं डोकं वर असतं. इतक्या उंचीवरून नाही दिसत."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग कोणाची चूक नाय," ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला. "तरी तू होतीस म्हणून ते एवढं खाली तरी आलं, बाय. दुसऱ्या कोणाला सुचलं असतं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पिशव्या घेऊन आत निघून गेले. काकी माझा हात सोडत नव्हती.